गंज दिसतो कुठे, लोखंड जाते कुठे?

देवगडजवळ माझे आजोळ आहे. घरामागच्या माडांखाली एक जुनी जीप-पिकअप अकरा पावसाळे जागची हलली नव्हती. माझ्या मामांनी तिच्या हौद्यातून वर्षानुवर्षे आंब्याच्या पेट्या वाहिल्या. मामा थकले तशी गाडीही थांबली. मामा गेल्यानंतरच्या मे महिन्यात आम्ही सगळे जमलो, तेव्हा मामेभाऊ मला गाडीकडे घेऊन गेला. मडगार्डला बोट लावले, तर बोट आरपार गेले. तो म्हणाला, "भंगारवाला किलोच्या भावाने न्यायला तयार आहे. तू एवढा रसायनशास्त्रातला डॉक्टर. सांग बघू, हिच्यात लोखंड किती उरलंय?"

प्रश्न सरळ होता, उत्तर मात्र मला देता येईना. गंज हा विषय मी विद्यार्थिदशेत शिकलो होतो, पुढे इतरांना शिकवलाही होता. परंतु समोर उभ्या असलेल्या गाडीतले किती लोखंड शाबूत आहे, आणि तिच्यावर माणसे बसवावीत की नाही, हे फळ्यावरच्या समीकरणातून निघत नव्हते. मामींना ती गाडी चालती झालेली पाहायची होती. पुढची दोन वर्षे आम्ही सुट्ट्यांमध्ये तिच्यावर काम केले. त्यातून मला जे समजले ते आपल्यापुढे ठेवतो. यातील बरेचसे वर्गात करून पाहता येण्यासारखे आहे.

गाडी विलीज जातकुळीची. दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी बनलेली ही जीप युद्धानंतर शेतावर व खेड्यापाड्यांत उतरली. १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला तिची जुळणी सुरू झाली. चार सिलिंडरांचे, सुमारे २.२ लिटर क्षमतेचे पेट्रोल इंजिन, खाली पोलादी चौकट म्हणजे चासी, तिच्यावर पत्र्याची केबिन आणि मागे हौदा, एवढाच तिचा संसार. सगळे नटबोल्टांनी जोडलेले. त्यामुळे घरच्या अंगणातही ती उलगडून पाहता येते.

गंजणे म्हणजे विद्युतघट चालणे

तीन परीक्षानळ्यांतील खिळ्यांचा प्रयोग आपण सर्वांनी केलेला आहे. कोरड्या हवेत खिळा गंजत नाही. उकळून हवा घालवलेल्या व वर तेल ओतलेल्या पाण्यातही गंजत नाही. हवा आणि पाणी दोन्ही असली की गंजतो. येथेच आपण थांबतो आणि "लोखंड अधिक ऑक्सिजन अधिक पाणी" असे लिहून मोकळे होतो. त्यामुळे मुलांची अशी समजूत होते की लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन एकाच जागी भेटतात आणि तेथेच गंज तयार होतो. प्रत्यक्षात या क्रियेचे दोन भाग आहेत आणि ते दोन वेगळ्या जागी घडू शकतात.

पहिल्या जागी लोखंडाचा अणू दोन इलेक्ट्रॉन मागे ठेवून आयनाच्या रूपात पाण्यात उतरतो. हे ऑक्सिडीकरण. मागे राहिलेले इलेक्ट्रॉन धातूतून वाहत दुसऱ्या जागी जातात. तेथे ऑक्सिजनचा एक रेणू व पाण्याचे दोन रेणू चार इलेक्ट्रॉन घेतात आणि चार हायड्रॉक्साइड आयन तयार होतात. हे क्षपण. धातूतून इलेक्ट्रॉन आणि पाण्यातून आयन असे मंडल पूर्ण होते. म्हणजे गंजणारा प्रत्येक खिळा हा एक चालू विद्युतघट आहे. गंजण्याची ही विद्युत-रासायनिक उपपत्ती अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ विलिस व्हिटनी यांनी १९०३ मध्ये मांडली.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. पाण्यात उतरलेले लोखंडाचे आयन फिरत फिरत हायड्रॉक्साइड आणि ऑक्सिजन यांना भेटतात तेव्हा तांबूस गंज तयार होतो. ही भेट वाटेत कुठेतरी होते. म्हणून गंज दिसतो एका जागी आणि लोखंड गेलेले असते दुसऱ्याच जागी. ॲल्युमिनिअमचे ऑक्साइड मूळ जागीच घट्ट बसते आणि खालच्या धातूचे रक्षण करते. गंज मात्र लांब, सैलसर बसतो आणि कोणाचेच रक्षण करत नाही.

एका थेंबाचा प्रयोग

केंब्रिजचे यू. आर. इव्हान्स यांनी हे एका थेंबात दाखवून दिले. हा प्रयोग शाळेत सहज होतो.

१०० मिलिलिटर पाण्यात ३ ग्रॅम मीठ, चिमूटभर पोटॅशिअम फेरिसायनाइड आणि फिनॉल्फ्थॅलिनच्या द्रावणाचे काही थेंब घाला. लोखंडी पत्र्याचा एक तुकडा पॉलिश पेपरने चकचकीत घासून घ्या आणि त्यावर या द्रावणाचा एक मोठा थेंब ठेवा. फेरिसायनाइडमुळे, जेथे लोखंड विरघळते तेथे निळा रंग येतो. फिनॉल्फ्थॅलिनमुळे, जेथे हायड्रॉक्साइड तयार होते तेथे गुलाबी रंग येतो. (फेरिसायनाइड तापवू नये व त्यात तीव्र आम्ल पडू देऊ नये. हात धुवावेत.)

सुरुवातीला निळे-गुलाबी ठिपके मिसळलेले दिसतात. थोड्या वेळाने चित्र बदलते. थेंबाचा मध्य निळा होतो आणि कडा गुलाबी. दोहोंच्या मधे तांबूस गंजाचे कडे उमटू लागते. मुलांना विचारा, असे का?

थेंबाच्या कडेला पाण्याचा थर पातळ असतो. तेथे हवेतला ऑक्सिजन सहज पोचतो. मध्यभागी पाणी खोल असते. तेथला ऑक्सिजन संपला की नवा पोचायला वेळ लागतो. ऑक्सिजन जेथे भरपूर तेथे क्षपण होते. इलेक्ट्रॉन पुरवण्याचे काम ऑक्सिजन नसलेल्या जागेवर पडते. म्हणून लोखंड विरघळते ते मध्यभागी, म्हणजे ऑक्सिजन सर्वांत कमी असलेल्या ठिकाणी! पत्रा पुसून भिंगातून पाहिला तर गंजाचे कडे बाहेर आणि खड्डा आत, असे दिसते.

आता हाच थेंब मोठा करून गाडीवर ठेवा. चिखलाने बुजलेला चासीचा कोपरा, दोन पत्र्यांच्या जोडातली फट, रबराच्या पट्टीखालची जागा, नळीला धरून ठेवणारी क्लिप. या सर्व जागी पाणी शिरते, पण हवा खेळत नाही. या सर्व 'थेंबाच्या मध्या'च्या जागा आहेत. उघड्यावरचा पत्रा सगळा तांबडा दिसतो, आणि खरे नुकसान झाकल्या जागी चाललेले असते. हे वाक्य मी त्या सुट्टीत मामेभावाला मोठ्या आत्मविश्वासाने समजावून सांगितले. ते मी स्वतः किती विसरलो, ते पुढे येईलच.

समुद्राकाठची हवा

देशावर कोरड्या हवेच्या गावात हीच गाडी अकरा वर्षांत इतकी गंजली नसती. स्वच्छ हवेत सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या खाली असेल, तर लोखंडावर पाण्याचा पुरेसा थर बसत नाही आणि गंजणे फार मंद चालते. समुद्राकाठी मात्र वाऱ्याबरोबर खारे तुषार येतात. पत्र्यावर बसलेले मीठ हवेतली वाफ ओढून घेते. शुद्ध सोडिअम क्लोराइड सुमारे ७५ टक्के आर्द्रतेला पाझरते. पण समुद्राच्या मिठात मॅग्नेशिअम क्लोराइडही असते, आणि ते सुमारे ३३ टक्क्यांनाच पाझरू लागते. जाडे मीठ बरणीत ओले का होते, त्याचे हेच कारण. कोकणात आर्द्रता इतकी खाली क्वचितच जाते. म्हणजे त्या पत्र्यावरचा अदृश्य ओला थर जवळजवळ कधीच वाळत नव्हता. शिवाय खारे पाणी वीज चांगली वाहून नेते, त्यामुळे घट जोरात चालतो.

यातून दुरुस्तीचा पहिला धडा मिळाला. सर्वांत आधी गोड्या पाण्याने भरपूर धुवायचे. एकदा नव्हे, पुनःपुन्हा. गंजाच्या छिद्रांत क्लोराइड राहिले, तर वर कितीही भारी रंग द्या, त्याखाली फुगे येणारच.

आधी हाडे

गावातले मिस्त्री गाडीभोवती एक फेरी मारून आले. माझे सारे लक्ष भोके पडलेल्या मडगार्डवर होते. ते म्हणाले, "पत्रो काय, नवो बसवूक येता. आधी हाडां बघा." हाडे म्हणजे चासी. पत्रा गेला तर गाडी कुरूप दिसेल. चासी गेली तर ती रस्त्यात मोडेल.

चासीवर गंजाचे पापुद्रे पोळीच्या थरांसारखे सुटत होते. काही ठिकाणी त्यांची जाडी ६ मिलिमीटर भरली. मामेभावाचे तोंड उतरले. येथे थोडे गणित करू. ५६ ग्रॅम लोखंडाचे आकारमान, घनता ७.८७ धरून, सुमारे ७.१ घन सेंटिमीटर होते. एवढ्याच लोखंडापासून गोथाइट या रूपातला गंज बनला तर तो ८९ ग्रॅम भरतो. त्याची घनता सुमारे ४.३. म्हणजे आकारमान २०.७ घन सेंटिमीटर, जवळजवळ तिप्पट. याचा अर्थ, ६ मिलिमीटर जाड पापुद्रा दिसला तरी खालचे लोखंड फार तर २ मिलिमीटर गेले असेल. गंज पोकळ, सच्छिद्र असतो हे लक्षात घेतले तर त्याहूनही कमी. गंज आपला आकार फुगवून दाखवतो.

मात्र गणितावर विसंबून चालत नाही. पापुद्रे छिन्नीने पाडून, हातोडीने जागोजाग ठोकून पाहावे लागते. शाबूत लोखंड खणखणीत वाजते, खचलेले बद्द वाजते. टोकदार पोगराने दाबल्यावर जे आत जाते ते लोखंड नव्हेच. त्यानंतर कॅलिपरने जाडी मोजली. शाबूत जागी ३ मिलिमीटरहून थोडी जास्त होती. मागच्या पाट्यांच्या आधाराजवळ, जेथे चिखल साठून राहत असे, तेथे ती दीड मिलिमीटरवर आली होती. पत्रा निम्मा राहिला की तोच भार पेलताना त्यातला ताण साधारण दुप्पट होतो. म्हणून मागचे दोन तुकडे कापून नवे पोलाद जोडायचे ठरले. ते काम जाणत्या वेल्डरकडून करवून घेतले. पेट्रोलची टाकी आधीच काढून दूर ठेवली होती. रिकाम्या टाकीतही पेट्रोलची वाफ असते आणि ती भरल्या टाकीपेक्षा धोक्याची असते.

गंजाच्या या तिपटीचा आणखी एक परिणाम म्हणजे अडकलेले नट. आट्यांमधली तसूभर जागा गंजाने ठासून भरते आणि पाना घसरू लागतो. यावर मिस्त्रींचा उपाय म्हणजे नट तापवणे. लोखंड दर अंशाला मूळ लांबीच्या एक लाखांशाहून थोडे अधिक प्रसरण पावते. १२ मिलिमीटर व्यासाचे भोक ३०० अंशांनी तापवले तर ते सुमारे ०.०४ मिलिमीटरने मोठे होते. केसाच्या जाडीपेक्षाही कमी, पण गंजाची पकड सुटायला तेवढे पुरते. तापल्यावर नटाचे भोक मोठे होते की लहान, हा प्रश्न वर्गात जरूर विचारा. निम्मा वर्ग चुकतो.

माझी फजिती

आता गंज काढणे. पहिला मार्ग घासण्याचा: तारेचा ब्रश, ग्राइंडर, पॉलिश पेपर. येथे दोन इशारे. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून रंग कोरडा घासून धूळ उडवू नये. पाणी लावून घासावे, तोंडाला चांगला मुखवटा बांधावा आणि मुलांना दूर ठेवावे. तसेच जुन्या ब्रेक-लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ब्रेकचे ड्रम कधीही फुंकून किंवा हवा मारून साफ करू नयेत.

दुसरा मार्ग आम्लाचा. मला घाई होती. मी फरशी धुण्याचे हायड्रोक्लोरिक आम्ल आणून दरवाजाच्या पत्र्याला लावले. गंज पाहता पाहता विरघळला, पत्रा राखाडी चमकू लागला. पाण्याने धुतला, पंचाने पुसला आणि समाधानाने झोपलो. सकाळी पाहतो तर अख्खा दरवाजा नारिंगी! मिस्त्री हसले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.

काय झाले होते? गंज विरघळून फेरिक क्लोराइड झाले. ते आणि उरलेले आम्ल पत्र्याच्या बारीक खड्ड्यांत राहिले. वर ताजे, उघडे लोखंड आणि कोकणची रात्र. म्हणजे जे क्लोराइड मी आठवडाभर धुऊन काढत होतो, तेच स्वतःच्या हाताने पुन्हा भरले. शिवाय हे आम्ल गंजापाशी थांबत नाही, चांगले लोखंडही खाते. त्या क्रियेत सुटणारा हायड्रोजन कडक पोलादात शिरून त्याला ठिसूळ करू शकतो. म्हणून पाटे, स्प्रिंगा आणि उच्च ताकदीचे बोल्ट यांना आम्ल दाखवूच नये. लहान भागांसाठी लिंबूसत्वाचे, म्हणजे सायट्रिक आम्लाचे पातळ द्रावण सौम्य असते. त्याचे रेणू लोखंडाच्या आयनांना चिमट्यासारखे धरून पाण्यात ठेवतात. तेही काम झाल्यावर सोड्याच्या पाण्याने धुवावे, भाग गरम करून लगेच वाळवावा आणि त्याच दिवशी प्राइमर मारावा.

घट उलटा फिरवणे

तिसरा मार्ग मला सर्वांत आवडला. गंजणे हा जर विद्युतघट असेल, तर बाहेरून वीज देऊन तो उलटा का फिरवू नये?

प्लॅस्टिकच्या टबात दर पाच लिटर पाण्याला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा घातला. गंजलेला भाग बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला जोडला आणि भंगारातल्या साध्या लोखंडाची पट्टी धन टोकाला. दोन्ही एकमेकांना शिवणार नाहीत असे टांगून चार्जर सुरू केला. गंजलेल्या भागावर हायड्रोजनचे बुडबुडे येऊ लागतात. काही गंजाचे क्षपण होऊन काळे मॅग्नेटाइट बनते, बाकीचा सैल होऊन गळतो. दुसऱ्या दिवशी ब्रशने घासले की काळसर, स्वच्छ लोखंड हाती येते. येथे चांगल्या लोखंडाला इलेक्ट्रॉन सतत पुरवले जात असल्याने ते विरघळत नाही. आम्लाच्या तुलनेत हा मोठा फायदा. मात्र एक गैरसमज नको. गेलेले लोखंड परत येत नाही. खड्डा साफ होतो, भरत नाही.

तीन गोष्टी पाळाव्यात. मीठ वापरू नये, कारण विषारी क्लोरीन सुटतो. धन टोकाला स्टेनलेस स्टील लावू नये, कारण त्यातून घातक क्रोमेट द्रावणात उतरते. आणि हे काम उघड्यावर करावे. किती हायड्रोजन सुटतो, ते फॅरडेच्या नियमाने काढता येते. ५ अँपिअर प्रवाह १० तास दिला तर १,८०,००० कूलोम विद्युतप्रभार वाहतो. ९६,५०० कूलोमला इलेक्ट्रॉनांचा एक मोल, आणि हायड्रोजनच्या एका रेणूला दोन इलेक्ट्रॉन. हा सारा प्रवाह हायड्रोजनसाठी खर्ची पडला असे धरले, तर ०.९३ मोल, म्हणजे सुमारे २३ लिटर वायू होतो. हवेत चार टक्के हायड्रोजन असला तरी ठिणगीने पेट घेतो. बंद खोलीत हा प्रयोग का करू नये, ते सांगायला या आकड्याइतका चांगला आधार नाही. याच कारणाने चार्जर बंद केल्याशिवाय चिमटे सोडवू नयेत.

येथे शिक्षकांसाठी एक मुद्दा. ॲनोडला आपण मराठीत धनाग्र म्हणतो. टबातल्या विद्युत अपघटनात ते बरोबर आहे: ॲनोड धन टोकाला आहे. पण गंजणाऱ्या खिळ्यात किंवा कोणत्याही चालू घटात ॲनोड हे ऋण टोक असते! मुले येथे हमखास गोंधळतात, आणि दोष त्यांचा नसतो, शब्दाचा असतो. व्याख्या चिन्हावर न बांधता क्रियेवर बांधावी: ऑक्सिडीकरण जेथे होते तो ॲनोड, क्षपण जेथे होते तो कॅथोड. मग दोन्ही ठिकाणी उत्तर बरोबर येते.

हिरडा आणि मेहरौलीचा स्तंभ

चासीच्या आतल्या कोपऱ्यांत ना ब्रश पोचत होता ना टब. जो गंज काढता येत नाही त्याला निदान निरुपद्रवी करावे लागते. यासाठी टॅनिन किंवा फॉस्फोरिक आम्ल असलेली द्रव्ये मिळतात.

टॅनिनचा प्रयोग अगदी घरचा आहे. सह्याद्रीत हिरडा भरपूर. हिरड्याची टरफले कुटून पाण्यात उकळा, गाळा, आणि ते पाणी गंजलेल्या खिळ्यावर टाका. तांबडा रंग जाऊन निळसर काळा रंग येतो. गंजातले लोखंड टॅनिनशी जोडले जाऊन न विरघळणारे काळे संयुग बनते. पूर्वी हिरडा आणि हिराकस यांपासून काळी शाई करत, ती याच रसायनावर. जुन्या लोखंडी वस्तू जतन करणारे तज्ज्ञही टॅनिनचा लेप वापरतात.

फॉस्फोरिक आम्लाने गंजाचे लोह-फॉस्फेट बनते. हा थर घट्ट बसतो आणि त्यावर रंग चांगला धरतो. याचे एक थोर उदाहरण आपल्याच देशात आहे. दिल्लीतील मेहरौलीचा लोहस्तंभ सुमारे सोळाशे वर्षे उभा आहे. त्याच्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण सुमारे पाव टक्का, म्हणजे आजच्या पोलादापेक्षा कितीतरी जास्त आहे. आयआयटी कानपूरचे आर. बालसुब्रमणियम यांनी दाखवून दिले की या फॉस्फरसमुळे पृष्ठभागावर फॉस्फेटयुक्त पातळ संरक्षक थर तयार झाला आहे. दिल्लीची बरीचशी कोरडी हवाही मदतीला आहेच. तो स्तंभ गंजत नाही असे नव्हे. त्याचा गंजच त्याला सांभाळतो.

गेरूचा लेप

शेवटी रंग. रेड ऑक्साइड प्राइमरचा तांबडा रंग हेमॅटाइटचा, म्हणजे गेरूच्या कुळातल्या लोह-ऑक्साइडचा असतो. गंज टाळण्यासाठी गंजाचाच भाऊबंद लावायचा, याची मुलांना गंमत वाटते. पण हेमॅटाइट हे लोखंडाचे स्थिर रूप आहे. ते आणखी ऑक्सिडीकृत होत नाही. तेलात किंवा राळेत बसून पाणी व हवा यांची वाट अडवते. पूर्वी या कामाला शेंदूर, म्हणजे शिशाचे ऑक्साइड वापरत. तो गंज चांगला रोखत असे, पण विषारी आहे. आज जस्ताची पूड किंवा झिंक फॉस्फेट असलेले प्राइमर मिळतात.

जस्ताची गोष्ट वेगळी आहे. ते नुसते झाकत नाही. ओरखडा पडून लोखंड उघडे पडले तरी जस्त आधी विरघळते आणि लोखंडाला इलेक्ट्रॉन पुरवत राहते. सर हंफ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये जहाजांच्या तांब्याच्या पत्र्याला जस्त व लोखंडाचे तुकडे जोडून तांबे वाचवले, ती हीच युक्ती. तांबे वाचले खरे, पण तांब्याचा विषारी अंश पाण्यात उतरणे थांबल्यामुळे जहाजाच्या तळाला शिंपले व शेवाळ चिकटू लागले!

आम्ही चासीला जस्तयुक्त प्राइमर दिला, पत्र्याला नवे तुकडे जोडले, लांबी भरून घासली आणि मामांच्या आवडीचा हिरवा रंग चढवला. चासीची बुजलेली पाणी जाण्याची भोके मोकळी केली. माझ्या मते रंगाइतकेच महत्त्व या भोकांना आहे.

क्लिपखाली

दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीत इंजिन सुरू झाले. मामी ओवाळायला ताट घेऊन आल्या. मामेभावाला त्यांना बसवून लगेच घाटी उतरून बंदरापर्यंत जायचे होते. मिस्त्रींनी गाडी अंगणातच थांबवली आणि मला ब्रेक जोरात दाबून धरायला सांगितले. अर्धा मिनिट पेडल घट्ट राहिले. मग पायाखाली हळूहळू खाली गेले. मागच्या चाकाजवळ मातीवर तेलाचा डाग पसरत होता.

ब्रेकची पोलादी नळी फुटली होती. ती मीच घासून, प्राइमर मारून रंगवली होती. जेवढी तांबडी दिसत होती तेवढी सगळी. क्लिपखालचा बोटभर भाग मात्र सोडला होता, कारण तो स्वच्छ दिसत होता. क्लिप काढली तर खाली खोल खड्डा आणि त्याच्या मधोमध सुईएवढे भोक. थेंबाचा मध्य! जे मी वर्गात शिकवतो तेच माझ्या हाताखालून निसटले होते. या जुन्या गाड्यांत चारही चाकांच्या ब्रेकला एकच द्रवमंडल असते. पास्कलच्या नियमाने दाब सगळीकडे सारखा पोचतो. तसाच एका भोकातून तो सगळीकडचा जातो. घाटीच्या उतारावर हे घडले असते तर काय झाले असते, यावर त्या दिवशी कोणीच बोलले नाही.

आम्ही सर्व नळ्या नव्या टाकल्या. ब्रेक-तेल हवेतली वाफ शोषून नळी आतूनही गंजवते, म्हणून तेही पूर्ण बदलले. प्रत्येक क्लिपखाली ग्रीस भरले. बंदराची फेरी चार महिन्यांनी, शिमग्याला झाली. मामी पुढच्या सीटवर होत्या.

मामेभावाच्या प्रश्नाचे उत्तर आता मला देता येते. चासीत लोखंड दिसत होते त्यापेक्षा जास्त उरले होते आणि ब्रेकच्या नळीत दिसत होते त्यापेक्षा कमी. शाळेतही गंजणाऱ्या वस्तू पुष्कळ असतात: मैदानावरची घसरगुंडी, झोक्याचे खांब, पाण्याच्या टाकीची शिडी, जिन्याचा कठडा. थेंबाचा प्रयोग झाल्यावर मुलांना घेऊन एक फेरी मारा. तांबडे कुठे दिसते याची एक यादी करायला सांगा आणि पाणी शिरून हवा खेळत नाही अशा जागांची दुसरी. खांब जमिनीत जेथे शिरतो ती जागा दुसऱ्या यादीत आली पाहिजे. मग हातोडी घेऊन दोन्ही याद्यांतल्या जागा ठोकून पाहा, आणि बद्द आवाज आला तर तो झोका दुरुस्त होईपर्यंत त्यावर कोणाला बसू देऊ नका.